खासगी संग्रहांतील चित्रें

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांच्या कानीं गेलें असेल. त्यांचा जन्म १९२४ सालीं याच नागपूर शहरीं झाला. म्हणजे नंदनवनांतील मुलांस ते घरचेच म्हणावयाचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं मिळविली, १९७१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, व २००१ सालीं ते निवर्तले.

त्यांचें चित्र पाहून मुलगा प्रथम विचारील, “हें कशाचें चित्र?” प्रश्न रास्त आहे. त्यांत झाड नाहीं, मनुष्य नाहीं, देऊळ नाहीं. उभ्या पटावर एकाच रंगाच्या अनेक छटा, व त्यांतून वर येऊं पाहाणाऱ्या कांहीं खुणा, एवढेंच दिसतें. परंतु हें काम सहज होणारें नव्हे. गायतोंडे रुळानें व बोथट सुरीनें रंग पसरीत, ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे ठेवून उचलीत, आणि थरावर थर चढवीत. वर्षाकाठीं त्यांच्या हातून मोजकींच चित्रें पुरीं होत. पहाटेचें धुकें कशाचें, असें आपण विचारीत नाहीं. तें पाहात उभे राहातों. या चित्रांपुढेंही तसेंच उभें राहावें.

आतां हीं चित्रें असतात कोठें? बरींचशीं खासगी मालकीचीं आहेत. न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयानें २०१४ सालीं त्यांचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां सुमारें तीस संस्था व खासगी संग्राहक यांजकडून चित्रें आणावीं लागलीं. मुंबईचे जहांगीर निकल्सन हे कापसाचे व्यापारी. त्यांनीं आपल्या पैशानें शेंकडों अर्वाचीन चित्रें जमविलीं, त्यांत गायतोंडेही होते. निकल्सन यांच्या पश्चात् २०११ सालीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत त्या संग्रहाचें दालन उघडलें, व २०१९ सालीं तेथें केवळ गायतोंडे यांच्या कृतींचें प्रदर्शन भरलें. रुपया जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला शुभवर्तमानांत आहे. हा व्यापारी त्या दासासारखा नव्हता.

सगळेच संग्राहक असे नसतात. गायतोंडे यांचें एक चित्र २०१५ सालीं २९ कोटि रुपयांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. अशी वस्तु विकत घेणारा ती कड्याकुलुपांत ठेवितो, आणि कायद्यानें त्यास कोणी बोल लावूं शकत नाहीं. पण तिजोरींतील चित्र म्हणजे कोणी न वाचलेलें पत्र होय. (चित्रकलेनें पोट भरत नाहीं असें म्हणणाऱ्या पालकांनीं हा आंकडा वाचून हुरळूनही जाऊं नये; असे भाव बहुधा चित्रकारामागें येतात, व पैसा विकणाऱ्यास मिळतो.)

आम्हांस खंत वाटते ती दुसरीच. न्यूयॉर्कच्या मुलांनीं हीं चित्रें पाहिलीं, मुंबईच्या मुलांनीं पाहिलीं. नागपुरास १८६३ पासून अजबबंगला आहे. कोणा संग्राहकानें दोन चित्रें महिनाभर तेथें उसनीं धाडलीं, तर नंदनवनाहून आमचीं मुलें पायीं चालत जातील.