जमिनीवरचे विमान

विमान आकाशात असते तोवरच धोका, चाके जमिनीला टेकली की तो संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. भोपाळच्या राजा भोज विमानतळावरून मुंबईस निघालेल्या प्रवाशाने खिडकीबाहेर पाहिले, तर विमान पिवळ्या रेषेवरून संथपणे धावपट्टीकडे चाललेले दिसते. या वाटचालीतही वैमानिकास हवेतल्याइतकेच दक्ष राहावे लागते. कारण आकाशात दोन विमानांमध्ये कित्येक मैलांचे अंतर राखता येते, जमिनीवर मात्र ते काही हातांवर येते.

अडचणीचे मूळ पंखांत आहे. एरबस ए-३२० विमानाच्या पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३६ मीटर असतो. पुष्कळ मोठ्या विमानांत वैमानिकास स्वतःच्या आसनावरून पंखांची टोके दिसतच नाहीत. शिवाय पंख मागे झुकलेले असल्यामुळे विमान वळताना बाहेरच्या बाजूचे टोक अपेक्षेहून अधिक दूर फिरते. पिवळी रेषा मार्ग दाखविते. परंतु शेजारचे विमान आपल्या जागी नेमके उभे असेल, तरच ती रेषा सुरक्षिततेची हमी देऊ शकते. ते थोडे मागे थांबले, किंवा चालते विमान रेषेवरून ढळले, की हिशेब चुकतो. मनोऱ्यातील नियंत्रक मार्ग सांगतो; पण दुरून दोन पंखांमधील हातभर अंतर त्याला कसे मोजता यावे? म्हणूनच अंतराविषयी शंका येताच वैमानिकाने थांबावे, हा पहिला नियम होय.

२७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात धावपट्टीवर जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानास इंडिगोच्या चालत्या विमानाचा पंख घासला. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यास धावपट्टीकडे निघालेले एअर इंडियाचे विमान सामान ओढणाऱ्या वाहनावर आदळले. दोन्ही प्रसंगी प्रवासी सुखरूप राहिले. तथापि अशा विमानास तपासणीवाचून उडू देता येत नाही. पंखांच्या पोटात इंधन असते, आणि आधुनिक संमिश्र द्रव्याच्या भागांत वरून किरकोळ दिसणारा ओरखडा आत खोलवर गेलेला असू शकतो.

धावपट्टीवर मात्र चुकीची किंमत फार मोठी असते. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे येथे दाट धुक्यात के.एल.एम.चे विमान परवानगीवाचून उड्डाणासाठी धावू लागले; पॅन अमेरिकनचे विमान तेव्हा त्याच धावपट्टीवरून चालत होते. ५८३ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर संभाषणाची शिस्त कडक झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष अनुज्ञा देताना वा रद्द करतानाच उच्चारावा आणि एरव्ही टाळावा, असा दंडक पडला. एवढे होऊनही २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर शिरले आणि उतरणाऱ्या प्रवासी विमानाशी त्याची टक्कर झाली. तटरक्षक दलाचे पाच जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण मात्र शिस्तीने बाहेर पडून वाचले.

भोपाळमध्येही हिवाळ्यात पहाटेचे धुके उतरते. अशा वेळी मार्गावरचे दिवे, थांबण्याच्या रेषा आणि ऐकलेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखविण्याची रीत हेच वैमानिकाचे डोळे ठरतात. खिडकीशी बसलेल्या प्रवाशास विमान का खोळंबले हे कळत नाही आणि तो मनगटावरील घड्याळाकडे पाहून त्रासतो. त्याने एवढे ध्यानी धरावे की, ती काही मिनिटे वाया जात नसून कोणीतरी खात्री करून घेत आहे. थांबलेले विमान उशिराने पोहोचते. पण ते पोहोचते.