सूड पोराचा, हिशेब बापाचा

मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी सुरू झाली. ओवे त्यातलंच एक गाव. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी सूड, बाप आणि प्रायश्चित्त या त्रिकोणावर उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या गुन्हेकथांचा मागोवा ओव्यासारख्या गावात बसून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. नाटकातल्या बापाने मुलगी दिली आणि सत्ता घेतली. इथल्या बापाने जमीन दिली आणि त्याला काय मिळालं, त्यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे.

घाशीराम पुण्यात पोट भरायला आलेला कनोजी ब्राह्मण. चोरीचा आळ येतो, बेदम मार बसतो, शहराबाहेर हाकलला जातो. सूड घ्यायचा तर कोतवाली हवी, आणि कोतवाली हवी तर नाना फडणविसांना खूश करायला हवं. म्हणून तो स्वतःच्या पोरीला, गौरीला, पुढे करतो. सूड अगदी मनासारखा मिळतो. पुणं त्याच्या नावाने थरथर कापतं. पण गौरी मरते आणि तिथून माणूस पिसाळत जातो. शेवटी जमाव त्याला ठेचतो तेव्हा तो दयेची भीक मागत नाही, शिक्षा मागून घेतो, कारण पोरीचं मरण त्याच्या हिशेबात त्याच्याच नावावर आहे. प्रयोगांवरून वादळ उठलं ते ब्राह्मणांच्या आणि नानांच्या चित्रणावरून. त्या गदारोळात नाटकातला बाप बाजूला पडला. माझ्या मते तोच नाटकाचा कणा आहे.

अकरा वर्षांनी, १९८३ मध्ये, ‘अर्धसत्य’ आला. सिनेमा हिंदी, पण मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शक गोविंद निहलानी. फौजदार अनंत वेलणकरचा बाप निवृत्त पोलीस आहे. बायकोवर हात उचलणारा, पोराला त्याच्या मनाविरुद्ध खाकीत ढकलणारा. अमरीश पुरींनी तो फारसा आवाज न चढवता उभा केला आहे. वेलणकरच्या हातून कोठडीत एक माणूस मरतो तेव्हा त्याला मारणाऱ्या हातात बापाचा हात दिसतो. ज्या गुंड रामा शेट्टीशी उभं वैर, त्याच्याच दारात मदत मागायला जाण्याची वेळ येते. तिथे तो शेट्टीला संपवतो आणि सरळ जाऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. सूड आणि प्रायश्चित्त एकाच रात्रीत उरकणारा असा नायक पुन्हा फारसा दिसला नाही.

नंतरचा काळ महेश मांजरेकरांचा. ‘वास्तव’ (१९९९) मध्ये शिवाजी साटम यांचा बाप हतबल, आणि गुंड झालेल्या रघूवर शेवटची गोळी झाडायची जबाबदारी आईवर. ‘हथियार’ (२००२) मध्ये मेलेल्या रघूचं नाव त्याच्या पोराला पुरतं. ‘लालबाग परळ’ (२०१०) जयंत पवारांच्या ‘अधांतर’वरून आला, संपाने गिरणी बंद पडली की घरातल्या कर्त्या माणसाचा शब्द कसा संपतो, ते तिथे पाहावं. निशिकांत कामतांचा ‘दृश्यम’ (२०१५) जरा निराळा. मूळ गोष्ट मल्याळम, पण गोव्यात रुजवलेली. चौथी नापास विजय साळगावकर घर वाचवण्यासाठी खोटं रचतो, आणि शेवटी मेलेल्या पोराच्या आईबापांसमोर उभा राहून अर्धवट कबुली देतो. पूर्ण कबुली त्याला परवडणारी नाही. हा अर्धवटपणाच मला त्या सिनेमात खरा वाटतो.

अभिजित पानसेंच्या ‘रेगे’ने (२०१४) पांढरपेशा घरातला मुलगा अंडरवर्ल्डच्या भुरळीत ओढला, आणि पोलीस पात्रांना प्रदीप शर्मा, सचिन वाझे ही खरी नावं दिली. पुष्कर श्रोत्रींनी पडद्यावर वाझे साकारला. मार्च २०२१ मध्ये खऱ्या वाझेंना एनआयएने अटक केली आणि त्यांची रवानगी तळोजा कारागृहात झाली. ते कारागृह ओव्यापासून जवळच आहे. असा योगायोग पटकथेत लिहिला असता तर निर्मात्याने खोडून टाकला असता.

आमच्या भागाला सगळ्यात जवळचा सिनेमा मात्र ‘मुळशी पॅटर्न’. प्रवीण तरडेंनी २०१८ मध्ये तो आणला आणि गुन्ह्याचं मूळ थेट सातबाऱ्यावर नेऊन ठेवलं. जमीन विकून बसलेला सखाराम पुण्यात हमाली करतो, पोरादेखत अपमान गिळतो. पोरगा राहुल त्या अपमानाचा सूड घ्यायला उठतो आणि टोळीत शिरतो. पोरांनी डोक्यावर घेतलं ते ‘आरारारा खतरनाक’ हे गाणं आणि गाड्यांचे ताफे. मोहन जोशींचा सखाराम कोणाच्या स्टेटसला लागला नाही. वास्तविक गोष्ट त्याचीच आहे: सही त्याची होती, आणि पोराच्या हातातल्या कोयत्यापर्यंतचा रस्ता तिथून निघतो, हे त्याला पोराच्या आधी कळलेलं असतं. २०२१ मध्ये मांजरेकरांनी त्यावरूनच ‘अंतिम’ केला.

पण मुळशीची गोष्ट जशीच्या तशी इथे चिकटवता येणार नाही. तिथे जमीन बिल्डरने घेतली, इथे सरकारने. तिथे एकेकटा बाप खचला; इथले बाप प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे एकत्र उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे इथे सुडाच्या जागी आंदोलन झालं. त्यानंतर भूखंड आले, पैसा आला, भावाभावांत दावे लागले, गावठाणाला टॉवरांनी घेरलं, आणि लढलेल्या बापांची नातवंडं आता कॉलेजात आहेत. यात गुन्हा आहे, बाप आहे आणि झालेल्या चुकांची कबुलीही आहे, फक्त या गोष्टीचं नाटक किंवा सिनेमा इथल्याच माणसाने, आगरी बोलीत लिहायला हवा. पनवेल-उरणच्या लिहित्या पोरांनी कोयत्याच्या आधी घरातल्या म्हाताऱ्याला गाठावं आणि १९८४ बद्दल विचारावं. ते दिवस पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.