स्वयंचलित आणि स्वायत्त : कारखान्यातील विनाचालक गाड्यांसंबंधी

कारखान्यात सुटे भाग कोठारातून यंत्रापर्यंत व तयार माल यंत्रापासून कोठारापर्यंत नेणाऱ्या विनाचालक गाड्यांना मराठीत कधी ‘स्वयंचलित’, तर कधी ‘स्वायत्त’ म्हटले जाते. हे शब्द समानार्थी समजणे सोयीचे असले, तरी निरुपद्रवी नाही. ‘स्वयंचलित’ या शब्दाने केवळ गती सांगितली जाते. ‘आयत्त’ म्हणजे अधीन; तेव्हा ‘स्वायत्त’ म्हणजे जो स्वतःच्याच अधीन आहे तो. येथे प्रश्न अधिकाराचा, आणि म्हणून उत्तरदायित्वाचाही होतो. अपघात घडल्यास ‘गाडी स्वायत्त होती’ या शब्दांच्या आड मार्ग आखणारा व वेग ठरविणारा माणूस सहज दिसेनासा होतो.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तारेतील विद्युत्प्रवाहाचा माग काढीत चालणारा विनाचालक ट्रॅक्टर प्रचारात आणला. स्वीडनमध्ये व्होल्व्होच्या काल्मार येथील कारखान्यात १९७४ पासून मोटारींची जुळणीच अशा गाड्यांवर होऊ लागली. तारेच्या मागोमाग जाणारी गाडी वाटेत खोके पडले तर थांबून राहते. ते कोणी उचलीपर्यंत तिला दुसरा उपाय नसतो. अलीकडील गाडी लेझर किरणांनी भिंती व खांब यांची अंतरे मोजते, ती नकाशाशी ताडून आपले स्थान निश्चित करते आणि खोक्याला वळसा घालून जाऊ शकते. तिला ‘स्वायत्त’ म्हणावयाचे ते या मर्यादित अर्थाने.

मर्यादित अशासाठी की, ती एकटी नसते. निरनिराळ्या उत्पादकांच्या गाड्या एका नियंत्रकाखाली चालाव्यात म्हणून जर्मनीतील मोटार व यंत्र उद्योगांच्या संघांनी ‘व्हीडीए ५०५०’ ही संदेशपद्धती सिद्ध केली. २०२२ मध्ये तिची दुसरी मुख्य आवृत्ती निघाली. तीत गाडीला मिळणाऱ्या आदेशाचे दोन भाग असतात. एक मुक्त केलेला. तेवढाच मार्ग गाडीने आक्रमावयाचा. दुसरा योजिलेला, पण अद्याप अनुज्ञा न मिळालेला. त्याला ‘क्षितिज’ या अर्थाचे मोठे समर्पक नाव आहे. व्याकरणाच्या परिभाषेत पहिला आज्ञार्थ, दुसरा संकेतार्थ. चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर नियंत्रक एकीचा पुढील टप्पा मुक्त करतो व दुसरीचा रोखून धरतो.

थांबण्याचा अधिकार मात्र वेगळा आहे, आणि त्याचे मर्म जपानी लिपीने चांगले टिपले आहे. ‘जिदोका’ म्हणजे यांत्रिक स्वयंचलन. टोयोटाने हा शब्द लिहिताना ‘हालणे’ या अर्थाच्या चिन्हाला ‘मनुष्य’ हे अंग जोडून ‘काम करणे’ या अर्थाचे चिन्ह योजले; उच्चार तोच राहिला. कल्पना सकिची टोयोडा यांच्या मागांतून आलेली. त्यांच्या १९२४ च्या मागावर धागा तुटला की माग आपण होऊन थांबे, त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे. ताईइची ओहनो यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व टोयोटाच्या उत्पादनपद्धतीच्या दोन आधारस्तंभांपैकी एक मानले आहे.

आजच्या गाडीतही माणूस आडवा आल्यास थांबण्याचा निर्णय मार्ग शोधणाऱ्या संगणकावर सोपविलेला नसतो. सुरक्षेसाठी बसविलेला स्वतंत्र लेझर-मापक गाडी थांबवितो. अशा गाड्यांच्या सुरक्षेचे ‘आयएसओ ३६९१-४’ हे मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गाडीपुढे किती अंतरापर्यंत माणसाची चाहूल घ्यावयाची, हे तिचा वेग, ओझे व ब्रेकची शक्ती पाहून अभियंता आधीच ठरवितो. गाडीला ते आपल्या मताने कमी करता येत नाही.