ब्लेंडरच्या झाकणातला डोळा

कसबा पेठेतल्या घरांत दिवाळीचा चिवडा अजून परातीत कालवतात. चार दिवसांनी डबा उघडावा, तर दाणे-खोबरं वर आणि मीठ-तिखट तळाशी. डबा जितका हलवाल तितकं बारीक खाली जातं. एखादा घास अळणी लागला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच घराच्या फडताळात थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली असते, आणि तिथे असं चालत नाही.

25 मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. तिचं वजन 100 मिलिग्रॅम धरलं, तर चार हजार भागांत औषधाचा भाग एक. बाकी भरणी: लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज. दहा लाख गोळ्यांना 100 किलो भुकटी लागेल आणि तिच्यात औषध असेल 25 ग्रॅम, दोन तोळ्यांहून थोडं अधिक. ते दहा लाख जागी सारखं पोचायला हवं.

पोचलं की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी: ब्लेंडर थांबवायचा, भुकटीत लांब पोकळ सळई खुपसायची, ठरलेल्या जागांचे नमुने काढायचे आणि मिश्रणातलं औषध वेगळं करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राकडे पाठवायचे. या सळईला कारखान्यात ‘थीफ’ म्हणतात. आत जाताना ती वरची भुकटी खाली ओढते, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडवते. शिवाय नमुना मोठा घेतला की दोष झाकला जातो. डावभर चिवडा चाखला तर मिठाचा खडा कळत नाही. अमेरिकेत 1993 साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात नमुना केवढा असावा हा प्रश्न थेट न्यायालयात गेला होता.

भुकटीत काही न खुपसता मोजायची वाट प्रकाशातून निघाली. विल्यम हर्शेलने 1800 साली सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा आणखी चढलेला पाहिला. त्या अदृश्य प्रकाशाचा दृश्य रंगांना लागून असलेला भाग म्हणजे निअर-इन्फ्रारेड, साधारण 780 ते 2500 नॅनोमीटर. 1960च्या दशकात अमेरिकी कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी या प्रकाशाने धान्यातला ओलावा मोजला. औषधांकडे तो नंतर आला. अमेरिकी औषध प्रशासनाने 2004 साली उत्पादन चालू असतानाच मोजमाप करण्याला उत्तेजन देणारी मार्गदर्शिका काढली.

आता ब्लेंडरच्या झाकणात नीलमण्याची खिडकी बसवतात आणि तिच्यामागे संवेदक. ब्लेंडर फिरतो, झाकण खाली येतं, भुकटी खिडकीवर पडते आणि त्याच क्षणी प्रकाश सुटतो. परतलेल्या प्रकाशाचा आलेख बिनतारी संगणकाकडे जातो. सुरुवातीचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. हळूहळू ते एकावर एक बसू लागतात. शेवटच्या काही फेऱ्यांमधला फरक नगण्य झाला की थांबायचं. वेळेवर थांबणं महत्त्वाचं, कारण शेवटी घातलेलं वंगण, म्हणजे मॅग्नेशियम स्टिअरेट, जास्त घोटलं गेलं तर कणांवर त्याचा लेप चढतो. मग गोळी ठिसूळ होते आणि पोटात उशिरा विरघळते.

मला या यंत्राचं अप्रूप आहे, पण ते शिकवल्याशिवाय काही ओळखत नाही. माहीत असलेल्या प्रमाणांची मिश्रणं दाखवून त्याला तयार करावं लागतं. पाण्याची खूण 1450 आणि 1940 नॅनोमीटरच्या आसपास इतकी ठळक उमटते, की पावसाळ्यातल्या दमट भुकटीने आलेख सरकू शकतो. समोरचा आलेख ओळखीचा की परका, हे ठरवायला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 साली मांडलेलं अंतराचं गणित वापरतात. पुण्यात असो की परदेशात, प्रकाशाच्या या यंत्राला त्या भारतीय संख्याशास्त्रज्ञाचा आधार लागतो.

आणि ज्या गोळीपासून आपण सुरुवात केली, तिथेच हे यंत्र सर्वांत दुबळं पडतं. औषध एक टक्क्याच्या खाली गेलं की त्याची खूण भरणीच्या खुणेत बुडू लागते, आणि चार हजारांत एक म्हणजे तर 0.025 टक्के. तिथे अजून जुनी शिस्तच कामी येते: औषध आधी तेवढ्याच भरणीत मिसळायचं, मग दुपटीत, मग त्याच्या दुपटीत, आणि शेवटी तयार गोळ्यांपैकी काही एकेक करून एचपीएलसीवर तपासायच्या.

ही सगळी खात्री अख्ख्या गोळीची असते. मधोमध रेघ नसलेली गोळी सुरीने अर्धी करू नका. कमी मात्रा हवी असेल तर डॉक्टरांकडून तेवढ्या मात्रेची गोळीच लिहून घ्या.