चेहऱ्यामागे – भाग ६ : दुखण्याला गुण देताना

मागच्या भागात आपण चार्ल्स डार्विनच्या १८७२ सालच्या पुस्तकापाशी थांबलो होतो. माणूस आणि जनावरं भावना व्यक्त करतात ती एकाच घराण्याच्या रीतीने, हे त्याने मांडलं. त्यासाठी त्याच्या हाताशी होती स्वतःची नजर, काही छायाचित्रं आणि जगभरातून मागवलेली पत्रोत्तरं. आता प्रश्न असा की चेहरा वाचला आणि तो बरोबर वाचला, हे ठरवायचं कसं?

कुत्रा पाळणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. चप्पल फाडलेली असते, कुत्रा कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसलेला असतो. ‘बघा, कसं अपराधी तोंड केलंय!’ न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी या अपराधी तोंडाची परीक्षा घेतली. मालकाने खाऊ समोर ठेवून ‘खायचं नाही’ म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही, हे त्याला संशोधकच सांगणार, आणि कधी खरं, कधी खोटं सांगणार. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. ते तोंड गुन्ह्यावर अवलंबून नव्हतं, रागावण्यावर होतं. मालक ओरडला की निरपराध कुत्राही तसंच तोंड करी. उलट ज्यांनी खाऊला तोंड लावलं नव्हतं, त्यांच्यावर ओरडण्याचा परिणाम जास्त दिसला.

चेहऱ्यावर काय घडलं आणि मनात काय आहे, या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, हे यातून दिसतं. पहिलीची सोय बऱ्यापैकी झाली आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये माणसाच्या चेहऱ्याची संकेतपद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ‘आनंदी’, ‘दुःखी’ असे शब्दच नाहीत. स्नायूंच्या प्रत्येक दृश्य हालचालीला एक क्रमांक आहे. भुवया खाली ओढल्या की ४, गाल वर चढून डोळ्यांभोवती आवळलं की ६, ओठांचे कोपरे तिरके वर गेले की १२. पुढे चिंपांझी, माकड, कुत्रा, मांजर यांच्यासाठीही अशा पद्धती तयार झाल्या. ससेक्स विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावर अशा १७ हालचाली नोंदवल्या. घोड्यासारख्या लांबट, केसाळ तोंडावर एवढं काही चालतं, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

पण क्रमांक म्हणजे अर्थ नव्हे. अर्थापर्यंत सर्वांत भक्कम पूल बांधला गेला तो आनंदाच्या किंवा रागाच्या बाबतीत नाही, वेदनेच्या बाबतीत. आणि त्याची सुरुवात झाली बोलता न येणाऱ्या माणसांपासून.

१९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांवरच्या अनेक शस्त्रक्रिया वेदनाशामकाविना किंवा अगदी जुजबी देऊन होत. बाळाची मज्जासंस्था अपुरी, त्याला दुखणं तितकंसं कळत नाही, आणि भुलीचा धोका मात्र मोठा, असा समज होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर तपासून पाहिलं. शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. हे १९८७ साली छापून आलं. त्याच वर्षी कॅनडात रूथ ग्रुनाऊ आणि केनेथ क्रेग यांनी बाळाच्या टाचेला रक्तासाठी टोचताना चेहऱ्याची बारीक नोंद केली. भुवया खाली, डोळे गच्च मिटलेले, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल, तोंड उघडं, जीभ ताठ. टाच नुसती चोळली, तर हे चित्र उमटत नसे. मूल रडतं तेव्हा ‘भूक लागली असेल’ म्हणून विषय संपवता येतो. या चेहऱ्याला ते उत्तर पुरत नव्हतं.

तिथून उंदरापर्यंतचं अंतर फार नाही. वेदनाशामकं आधी उंदरांवर तपासली जातात. पण तपासत काय, तर चटका बसल्यावर शेपूट किती लवकर हलते, पंजा कधी मागे घेतला जातो. ही झाली प्रतिक्षिप्त क्रिया. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो आतल्या आत ठणकतंय म्हणून, आणि ठणक्याचं माप कुणाकडे नव्हतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेने वेदना होत असलेल्या उंदरांचं चित्रीकरण केलं, त्यातली स्थिरचित्रं निवडली आणि २०१० मध्ये एक मोजपट्टी जाहीर केली. डोळ्यांभोवतीचं आवळणं, नाकाचा फुगवटा, गालाचा फुगवटा, कानांची ठेवण, मिशांची दिशा अशी पाच लक्षणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. गुण देणाऱ्याला कुठल्या उंदराला काय केलंय, हे सांगायचं नाही.

मला यातला सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा वाटतो तो पुढचा. मॉर्फिन दिल्यावर गुण उतरले. म्हणजे चेहऱ्याच्या वाचनाला चेहऱ्याबाहेरचा साक्षीदार मिळाला. कुत्र्याच्या अपराधी तोंडाला असा साक्षीदार शोधला, तेव्हा त्याने उलटी साक्ष दिली होती.

याच प्रयोगशाळेतला २०१४ सालचा शोध तर गमतीचा. खोलीत पुरुष संशोधक असला की उंदरांचे गुण कमी येत. बाई असली की तसं होत नसे. पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी तेच. पुरुषाच्या वासाने उंदीर ताणाखाली येतात आणि ताणात शरीर वेदना दाबून टाकतं. जुन्या किती प्रयोगांत संशोधकाचा हा वास मिसळला असेल, देव जाणे!

त्यानंतर मोजपट्ट्यांची रांगच लागली. मिलानमध्ये खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेनंतरचे घोडे पाहून २०१४ मध्ये त्यांची तयार झाली. कोपनहेगनच्या संशोधकांनी गाईंसाठी केली, तिच्यात चेहऱ्याबरोबर कानांनाही जागा आहे. ज्याच्या गोठ्यात चार जनावरं आहेत, त्याला कान पाडून उभ्या गाईचा अर्थ संशोधकाने सांगायला नको. त्याच्याकडे नव्हते ते गुण, दुसऱ्याला दाखवता येतील असे. मांजराची मोजपट्टी माँट्रियल विद्यापीठातून २०१९ मध्ये आली. कान, डोळे, मुस्कटाचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची अशा पाच गोष्टींचे १० गुण. ४ किंवा अधिक झाले की वेदनाशामकाचा विचार करायचा. दवाखान्याच्या टेबलावर मांजर बऱ्याचदा गप्प बसतं, त्यामुळे पशुवैद्याला हा आकडा उपयोगी पडतो.

अडचणी आहेतच. पेंगणारं जनावर डोळे मिटतं, भूल उतरत असताना चेहरा ओढल्यासारखा दिसतो, घाबरल्यावरही कान मागे जातात. म्हणून जनावर जागं आणि शांत असताना पाहायचं आणि एका चित्रावर विसंबायचं नाही, असा दंडक आहे. जुनाट, महिनोन्‌महिने चाललेल्या दुखण्यात तर चेहरा बऱ्याचदा काहीच बोलत नाही. ही मोजपट्टी काही तासांच्या, फार तर दिवसांच्या वेदनेची आहे.

आणि वेदनेला निदान औषधाची साक्ष आहे. राग, किळस, तिरस्कार यांना उतारा म्हणून कुठलं इंजेक्शन देणार? तरीही एकमन १९६७ मध्ये छायाचित्रांचा गठ्ठा घेऊन पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या फोरे लोकांकडे गेले आणि माणसाच्या मूलभूत भावना जगभर एकाच चेहऱ्याने दिसतात, असा दावा घेऊन परतले. त्या दाव्यावरून अजून भांडण चालू आहे. पुढच्या आठवड्यात ते भांडण.