जॅझची तालीम

‘अलबेला’चे (१९५१) संगीतकार सी. रामचंद्र हे आपल्याच जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या पुणतांब्याचे. जन्म १९१८ चा. पण त्यांच्या गाण्यांत जॅझचा जो रंग उतरला, त्यामागे गोव्याचे हात होते. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, हे हळदोण्याचे. गोव्यात चर्चच्या शाळेत मुले स्वरलिपी वाचायला शिकत. मुंबईत तीच विद्या पोटाला आली.

जॅझमधला अवघड तुकडा तालमीत आधी संथ लयीत घेतात. आपला कान समेची वाट पाहतो. येथे जोर मुद्दाम मात्रेच्या किंचित आधी, नाहीतर दोन मात्रांच्या मधे पडतो. कागदावर हे लिहिता येते, अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणून एकजण वाजवतो, बाकीचे पायाने मात्रा धरतात. चुकले की त्याच जागेपासून पुन्हा. फुंकवाद्यांनी श्वाससुद्धा एकाच जागी घ्यायचा. हे जुळले, की मग लय वाढवायची. मी कामगारांत वावरलेला माणूस. मला यात कारखानाच दिसतो. फरक इतकाच, की येथे उस्तादही आपली चूक लपवीत नाही.

चित्रपटाच्या नामावलीत वादकांची नावे बहुधा नसत. ‘अलबेला’त चिक आणि त्यांचे साथीदार निदान पडद्यावर दिसतात तरी.