दिव्यांगांचे क्रीडांगण : दया नव्हे, हक्क

क्रीडा-तासिकेला दिव्यांग विद्यार्थ्याला गुण लिहिण्यास बसविणे, ही आपल्याकडील रूढ रीत. त्यामागे काळजी असते. परंतु मूल मैदानाबाहेरच राहते. वगळले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच आम्ही हा समतेचा प्रश्न मानतो.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. त्यांनी पोहण्याची कास धरली आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात विश्वविक्रमासह भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मात्र २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी मिळाली! त्याच जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक पटकाविले.

अशा क्रीडाप्रकारांत खेळाचा गाभा तोच राहतो. साधने व नियम बदलतात. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो व तो खांद्याखालून टाकतात. त्यांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात व सोंगट्या छिद्रांत बसतात. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांसाठी जाळीची उंची १.१५ मीटर असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. तेव्हा पालकांनी शाळेत निःसंकोच विचारावे, “आमचे मूल कोणता खेळ खेळणार?” माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या शाळेला एक खुळखुळता चेंडू, एक स्पर्शपट भेट द्यावा. गुणलेखकाची वही आळीपाळीने सर्वांच्या हाती जावी, एवढी सुरुवात भडगावातही उद्याच होऊ शकते.